राय व्हिस्कीचे रसग्रहण

दारू या विषयावर आपल्याकडे दोनच तऱ्हेची भाषणे ऐकू येतात. एक, ती मुळीच पिऊ नये असे सांगणारी. आणि दुसरी, ती पिऊन केलेली. पहिल्या प्रकाराविषयी आम्हांस आदर आहे, आणि दुसऱ्याविषयी या व्यासपीठावर बोलण्याजोगे फारसे काही नाही. परंतु या दोहोंखेरीज एक तिसरे बोलणे संभवते. ती वस्तू काय आहे, कशी तयार होते, तिच्यातले बरेवाईट कसे ओळखावे, हे ते बोलणे होय. आंब्याविषयी आपण असे बोलतो. देवगडचा हापूस आणि रत्नागिरीचा हापूस यांवर आपल्याकडे जेवढा वाद झाला असेल तेवढा वेदान्तावरही झाला नसेल. तांदूळ, गूळ, चहा यांचेही पारखी गावोगाव आहेत. व्हिस्कीचे नाव निघाले की मात्र किती घेतली आणि किती चढली, एवढाच हिशेब उरतो.

हा विषय आजच का निवडला, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. आज या शहरातल्या कितीतरी घरांतला कोणी ना कोणी टोरोंटोस किंवा कॅलगरीस असतो. परदेशातून येणाऱ्या प्रवाशास दोन लिटरपर्यंत मद्य जकातीवाचून आणता येते, आणि तिकडून येणारा पुतण्या काकांसाठी मोठ्या हौसेने एक बाटली आणतो. बाटलीवर तीन गोष्टी ठळक छापलेल्या असतात: राय, पंधरा वर्षे, आणि एकाच पिंपातील. काका ती कपाटात जपून ठेवतात, पाहुणे आले म्हणजे काढतात, पेल्यात बर्फ आणि सोडा भरतात, आणि मग त्या पंधरा वर्षांचे काय झाले हे ना काकांना कळते ना पाहुण्यांना. त्या तीन शब्दांचा अर्थ काय, त्यांवर विश्वास किती ठेवावा, आणि पेल्यातली वस्तू आपल्या नाकाने व जिभेने कशी पारखावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. आपल्या राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली; पुढे ती पुष्कळ सैल झाली, तरी पिणाऱ्याने परवाना बाळगावा ही अट कायद्यात आहे, आणि पंचवीस वर्षांखालील माणसास व्हिस्की देता येत नाही. दुसरे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे की मद्याचे निर्धोक असे कोणतेच प्रमाण नाही. ज्याला प्यावयाची नाही त्याने ती प्यावी असा आमचा मुळीच आग्रह नाही. किंबहुना पुढे दिसेल की, रसग्रहणाचा निम्म्याहून अधिक भाग वास घेण्याचा आहे, आणि तेवढा भाग न पिणाऱ्यासही मोकळा आहे.

आता त्या तीन शब्दांपैकी पहिला. राय म्हणजे आपली फोडणीतली राई नव्हे. राय हे गव्हाच्या कुळातले, पण गव्हाहून पुष्कळच काटक असे धान्य आहे. रेताड, हलकी जमीन त्याला चालते. थंडीच्या तोंडाशी पेरतात, रोप हिवाळाभर बर्फाखाली तग धरते, आणि उन्हाळ्यात कापणी होते. जर्मनी, पोलंड, रशिया या देशांत जो काळपट, आंबूस पाव खातात तो याच धान्याचा. आपल्याकडे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत नाचणी-वरी होते, तशी तिकडे राय. नाचणीसारखाच तिला स्वतःचा असा एक ठसका आहे. गहू जसा कोणाशीही जुळवून घेतो तशी ती घेत नाही.

कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पिठाच्या गिरण्यांच्या आसपास ज्या दारूभट्ट्या निघाल्या त्यांत मुख्यतः गहू वापरीत, कारण गिरणीत उरलेसुरले धान्य तेच असे. तेथे वस्तीस आलेल्या जर्मन व डच लोकांना रायच्या दारूची सवय होती. त्यांनी गव्हाच्या लगद्यात थोडी राय घालावयास सुरुवात केली. त्या थोड्या रायने दारूला असा काही चटकदारपणा आला की गिऱ्हाईक 'राय द्या' म्हणू लागले. होता होता तेथील व्हिस्कीचे नावच राय पडले, आणि पुढे भट्ट्यांत गव्हाची जागा मक्याने घेतली तरी ते नाव गेले नाही. आपण चहात आल्याचा एक तुकडा टाकतो आणि त्याला आल्याचा चहा म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

मौज अशी की कायद्यानेही हे नाव मान्य केले आहे. 'कॅनेडियन व्हिस्की', 'कॅनेडियन राय व्हिस्की' आणि नुसती 'राय व्हिस्की' या तिन्ही नावांची कॅनडाच्या कायद्यात एकच व्याख्या आहे. धान्याचा लगदा, ऊर्ध्वपातन आणि मुरवणे ही तिन्ही कॅनडात झाली पाहिजेत; ७०० लिटरांहून मोठ्या नसलेल्या लाकडी पिंपात निदान तीन वर्षे ती राहिली पाहिजे; आणि बाटलीत मद्यार्क शेकडा ४० पेक्षा कमी असता कामा नये. त्यात राय किती असावी, याविषयी एक अक्षर नाही. शेजारच्या अमेरिकेत राय या नावाने विकावयाच्या व्हिस्कीच्या धान्यात निदान ५१ टक्के राय असावीच लागते. कॅनडाचा कायदा मद्यात कॅरॅमलचा रंग घालण्यास परवानगी देतो, आणि अकरावा हिस्सा, म्हणजे शेकडा ९.०९ पर्यंत, अन्य मद्य मिसळू देतो. कॅलगरीच्या एका राय व्हिस्कीत ९१ टक्के राय, ८ टक्के अमेरिकन बर्बन आणि १ टक्का शेरी असे मिश्रण उघडपणे सांगून विकले जाते, आणि ती व्हिस्की वाईट नाही. तेव्हा येथे फसवणूक आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु 'राय' हा शब्द वाचून आपण रायच पीत आहो असे समजणे हा भोळेपणा आहे. 'शंभर टक्के राय' असे छापलेले असेल तरच त्या शब्दास वजन आहे.

अशी निव्वळ रायची व्हिस्की करणे सोपे काम नाही, म्हणूनच ती थोडी. रायच्या दाण्यात डिंकासारखी काही द्रव्ये असतात. पाण्यात शिजवली की तिची खळ होते. लहानपणी ज्यांनी पतंगासाठी खळ शिजवली असेल त्यांना तिची कल्पना चटकन यावी. ती भांड्याला चिकटते, नळ्या तुंबवते, आणि आंबावयास लागली म्हणजे फेस वर उसळून टाकीबाहेर येऊ पाहतो. कॅलगरी येथे १९४६ साली अल्बर्टा डिस्टिलर्स हा कारखाना निघाला. भोवतालच्या मैदानात राय मुबलक होती, म्हणून या मंडळींनी तिलाच हात घातला आणि तिचा चिकटपणा मोडण्यासाठी लागणारी एन्झाइमे स्वतःच्या कारखान्यात तयार केली. १९५८ साली 'अल्बर्टा प्रीमियम' ही निव्वळ रायची व्हिस्की त्यांनी बाजारात आणली. दुसरे नाव घ्यावयाचे तर ऑन्टारियो प्रांतात विंडसर येथे हायरम वॉकरने १८५८ साली स्थापिलेल्या कारखान्याचे. तेथील 'लॉट ४०' ही हंड्यातून ऊर्ध्वपातित केलेली राय मध्यंतरी बाजारातून गेली होती, ती २०१२ साली पुन्हा आली. या कारखान्यांचे आजचे नाव ऐकून असे वाटेल की त्यांचा मोठा गाजावाजा असेल. तसे नव्हते. कॅनडाची जुनी, निव्वळ राय अमेरिकेत खरी गाजली ती २०१० साली व्हरमाँटमधील एका कंपनीने कॅनडातून घेतलेली दहा वर्षांची व्हिस्की आपल्या नावाने बाटलीत भरली तेव्हा. घरची भाकरी शेजारणीच्या ताटात गोड लागावी, तसे झाले.

आता तिसरा शब्द आधी घेऊ, कारण खरी गंमत तेथे आहे. कॅनडाची व्हिस्कीची परंपरा ही मिश्रणाची परंपरा आहे. बहुतेक कारखान्यांत मका, राय, जव, गहू यांपैकी प्रत्येक धान्य निराळे शिजवतात, निराळे आंबवतात, त्याचे मद्य निराळ्या पिंपांत मुरवतात, आणि ते तयार झाल्यावर त्यांचा मेळ घालतात. मक्याचे सौम्य मद्य अंगाला आणि रायचे तिखट मद्य चवीला, अशी योजना असते. म्हणजे आपल्या घरी धणे, खोबरे, तीळ, दगडफूल निरनिराळे भाजून मग गोडा मसाला कुटतात तसे. तेथे मोठा मान मिळतो तो मेळ घालणाऱ्यास. पन्नास-शंभर पिंपांतून दरसाल तीच चव काढून देणे हे त्याचे कसब. एका पिंपात लवंगेचा जोर झाला, दुसरे फिके उतरले, तिसऱ्याला लाकडाची तुरट चव आली, तरी गिऱ्हाइकास त्याचा पत्ता लागू द्यावयाचा नाही.

एकाच पिंपातील व्हिस्की ही या परंपरेच्या उलट जाणारी गोष्ट आहे. तेथे मेळ नाही, झाकापाक नाही. पिंपात जे झाले ते बाटलीत आले. मेळ घालणाऱ्याचे काम फक्त निवडीपुरते उरते: हजारो पिंपांतून हे एक असेच्या असे द्यावयाजोगे आहे, असे म्हणण्यापुरते. म्हणून एका पिंपाची व्हिस्की मिश्रणाहून चांगलीच असते असा समज करून घेऊ नये. ती निराळी असते, एवढेच. दुकानात तिच्यासाठी जी जास्त किंमत देतो ती गुणाची नसून तिच्या एकटेपणाची असते. उत्तम मिश्रण साधारण पिंपाला सहज मागे टाकील. २०१५ च्या अखेरीस जिम मरे या ख्यातनाम परीक्षकाने आपल्या २०१६ च्या ग्रंथात जगातली सर्वोत्तम व्हिस्की म्हणून 'क्राउन रॉयल नॉर्दर्न हार्वेस्ट राय' हिचे नाव दिले. मॅनिटोबा प्रांतातील गिमली येथे होणारी, ९० टक्के रायची ही व्हिस्की एका पिंपाची नव्हती, आणि तिच्यावर वयाचा आकडाही नव्हता. मध्यम किमतीची ही बाटली नंतर काही दिवस कॅनडातल्या दुकानांत शोधून सापडेना. त्या बाटलीत आदल्या आठवड्यापेक्षा निराळे काही आलेले नव्हते. लोकांच्या नाकाऐवजी त्यांच्या कानांनी काम केले होते.

पिंपाकडे वळू. ते साधारणतः अमेरिकन ओक लाकडाचे, सुमारे २०० लिटरांचे असते आणि आतून जाळलेले असते. जाळल्याने आतल्या बाजूस कोळशाचा थर येतो. तो मद्यातला गंधकासारखा उग्र वास शोषून घेतो. कोळशाच्या मागे जे लाकूड भाजले जाते त्यातली शर्करा करपून तांबूस होते, आणि लाकडातल्या लिग्निन नावाच्या द्रव्यापासून व्हॅनिलिन तयार होते. आइस्क्रीममध्ये ओळखीचा झालेला वास तो हाच. ओकमध्ये आणखी एक द्रव्य असते, त्याचा वास सुक्या खोबऱ्याचा. आणि आपल्या लवंगेला जिच्यामुळे वास येतो ते युजेनॉलही ओकमध्ये थोडेसे असतेच. रायच्या दाण्यातून येणारी लवंगेसारखी गंधद्रव्ये वेगळी. ती आंबवताना आणि ऊर्ध्वपातनात निर्माण होतात. म्हणजे जुन्या राय व्हिस्कीतल्या लवंगेला दोन माहेरे आहेत, एक शेत आणि एक जंगल.

पिंप कोरे की वापरलेले, हाही प्रश्न मोठा आहे. अमेरिकेच्या कायद्याने बर्बनला दर वेळी नवे पिंप लागते, त्यामुळे तेथे एकदा वापरलेली पिंपे ढिगांनी निघतात आणि कॅनडा, स्कॉटलंड येथे जातात. नव्या पिंपात लाकूड पुढे येते, जुन्यात धान्य पुढे राहते. पंधरा-वीस वर्षे मुरवावयाचे असेल तर आमच्या मते जुने पिंपच बरे. नव्या लाकडात इतका काळ राय ठेवली तर ती सकाळपासून चुलीवर उकळत राहिलेल्या चहाच्या वळणावर जाते.

मुरणे हा शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहो. लोणचे मुरते त्यात आणि व्हिस्की मुरते त्यात मोठे साम्य आहे: काही बाहेरून आत येते, काही आतले आतच बदलते, आणि काळाला पर्याय नसतो. फरक इतकाच की लोणच्याची बरणी घट्ट बांधलेली असते आणि पिंप श्वास घेते. लाकडातून हवा आत जाते व मद्य बाहेर उडते. थंड देशात वर्षाकाठी शंभरास दोन-तीन अशी ही घट धरतात. दोनशे लिटरांच्या पिंपात दरसाल शेकडा तीन घट मानली तर पंधरा वर्षांनी सुमारे १२७ लिटर उरतात, म्हणजे पाऊण लिटरच्या सुमारे १६८ बाटल्या. त्या संपल्या की ते पिंप जगातून संपले. त्याच्या शेजारचे, त्याच दिवशी भरलेले पिंपही त्याच्यासारखे असेल अशी हमी कोणी देत नाही.

येथे आपल्याकडचा एक हिशेब सांगण्यासारखा आहे. गोव्यात जॉन डिस्टिलरीज ही कंपनी जवाची व्हिस्की करते; २०१२ सालापासून ती परदेशी बाजारात आहे. गोव्याच्या उष्ण हवेत दरसाल सुमारे ८ टक्के मद्य उडते. त्याच दोनशे लिटरांत हा दर लावला तर पंधरा वर्षांनी सत्तावन लिटर उरतील. म्हणून कोकणातल्या पाच-सहा वर्षांच्या पिंपाशी कॅलगरीच्या पंधरा वर्षांची तुलना नुसत्या आकड्यावरून करता येत नाही. थंडीत लाकूड आणि मद्य यांची देवघेव मंदावते, उष्णतेत ती घाई करते. कॅलगरी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच, हिवाळ्यात बर्फाने गोठणारे आणि कोरड्या हवेचे शहर आहे. हवा कोरडी असली म्हणजे पिंपातून पाणी अधिक उडते आणि मद्यार्काचा कस चढतो. दमट असली म्हणजे उलट होते. पिंपातली व्हिस्की पाणी न घालता तशीच भरली तर बाटलीवर ५५-६० असा आकडा दिसतो तो असा.

राहता राहिला वयाचा शब्द. व्हिस्की काही काळ मुरवलीच पाहिजे असा नियम करण्यात कॅनडा पुढे होता. १८९० साली तेथे दोन वर्षांची अट होती. ब्रिटनने तसा कायदा केला १९१५ साली. कॅनडात पुढे तीन वर्षे झाली. परंतु वय ही गुणाची पावती नव्हे. आठ वर्षांत पूर्णत्वास आलेले पिंप वीस वर्षे ठेवले तर ते थोर होत नाही, थकते. वाढलेले वय मद्याचे दात काढते आणि त्याला गोडवा देते हे खरे, पण रायला थोडे दात असावेच लागतात.

तेव्हा बाटलीवरचे तिन्ही शब्द वाचून आपल्याला कळले ते इतकेच, की खरे काय ते बाटली उघडल्याशिवाय कळावयाचे नाही. आता उघडू.

वेळ सकाळची किंवा जेवणाआधीची उत्तम. तेव्हा नाक ताजे असते. पान, तंबाखू, झणझणीत रस्सा यांनंतर हा खटाटोप करू नये. खोलीत उदबत्ती नको, अंगाला अत्तर नको, मोगऱ्याचा गजरा दुसऱ्या खोलीत ठेवावा, आणि स्वयंपाकघरात फोडणी चालू असेल तर ती होऊ द्यावी. पेला रुंद तोंडाचा नको. खाली फुगीर आणि वर निमुळता, कमळाच्या कळीसारखा हवा, म्हणजे वास वर गोळा होतो. त्यात २५ मिलिलिटर व्हिस्की पुष्कळ झाली. जवळ साधे पिण्याचे पाणी आणि एक चमचा असावा. बोअरचे जड, खारवट पाणी चालणार नाही.

रंग पाहून घ्यावा, पण त्यावर भिस्त ठेवू नये. कॅरॅमल घालण्याची मुभा आहे हे वर सांगितलेच आहे. पेला फिरवून कडेने ओघळणाऱ्या धारा पाहण्याची एक रीत आहे. त्यातून मद्यार्क जास्त आहे इतके कळते, आणि ते बाटलीवर छापलेलेच असते.

मुख्य काम नाकाचे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि रुचकरपणाची एक मांसल चव, एवढेच कळते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो बहुतांशी वास असतो. सर्दी झाली म्हणजे आमटी बेचव लागते, ती जिभेचा दोष म्हणून नव्हे. पेला प्रथम हनुवटीशी धरावा, मग हळूहळू वर आणावा, तोंड किंचित उघडे ठेवावे. एकदम पेल्यात नाक खुपसले तर मद्यार्काचा झटका बसतो आणि पुढची पाच मिनिटे काही कळत नाही. पहिल्या वासावरून मत बनवू नये. पेला दहा मिनिटे तसाच ठेवावा. ही दहा मिनिटे फार कठीण जातात, असा अनुभव सर्वांचा आहे.

मग वास उलगडू लागतात. परदेशी समीक्षकांच्या याद्यांत रायचा पाव, कॅरवे, डिल, देवदार, लायलॅकची फुले अशी नावे असतात, आणि ती वाचून आपला माणूस बिचकतो. बिचकण्याचे काही कारण नाही. कॅरवे म्हणजे शहाजिरे, आणि डिल म्हणजे आपला शेपू. ज्यांना शेपूची भाजी आवडत नाही त्यांना तर तो वास सर्वांआधी लागेल. देवदाराचा वास शिसपेन्सिल तासताना येतो तो. याखेरीज लवंग, दालचिनी, सुंठ, मिरी. मागाहून खारीक, मनुका, भाजलेले खोबरे, काकवीजवळ जाणारा गोडवा. आमचे तर म्हणणे असे की ज्या बाईला मसाला भाजताना तीळ कधी उतरवावे आणि खोबरे कधी, हे नुसत्या वासावर कळते, तिचे नाक पुष्कळशा परीक्षकांहून तयार असते. तिला फक्त कोणी विचारलेले नसते. एक उपाय करून पाहावा: मसाल्याचा डबा शेजारी ठेवावा आणि शंका आली की लवंग हुंगून पुन्हा पेला हुंगावा. असेल तर जुळेल, नसेल तर यादीत आहे म्हणून आपल्या नाकावर लादू नये. नाक थकले की स्वतःच्या बाहीचा वास घ्यावा, ते पुन्हा जागेवर येते.

आता घोट. पहिला घोट म्हणजे चार थेंब, तोंड ओले करण्यापुरते. तो जिभेला सावध करण्यासाठी, त्याचा निकाल द्यावयाचा नाही. दुसरा घोट तोंडात चारी बाजूंनी फिरवावा आणि चावल्यासारखा करावा. येथे एक भेद ओळखता आला पाहिजे. मिरचीचा तिखटपणा ज्या ज्ञानतंतूंना कळतो त्यांनाच मद्यार्कही चेतवतो, म्हणून जोरदार व्हिस्की जाळते. हे जळणे मद्यार्काचे, रायचे नव्हे. ते सपाट असते, घशात उतरते आणि विझते. रायचा चटका निराळा. तो जरा उशिरा येतो, जिभेच्या कडांवर लवंग चावल्यासारखा रेंगाळतो, आणि त्याला वास असतो. हे दोन चटके वेगळे करता आले की माणूस व्हिस्की पिणारा न राहता चाखणारा झाला. घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा. घशामागून वास वर येतात, आणि पुष्कळदा जे पेल्यात सापडले नव्हते ते येथे सापडते.

पाणी घालावे की नाही, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. ५७ टक्क्यांच्या २५ मिलिलिटर व्हिस्कीत एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर पाणी घातले तर तिचा कस साडेसत्तेचाळीसवर येतो. आणखी एक चमचा घातला तर चाळिसाच्या किंचित वर. २०१७ साली स्वीडनमधील कार्लसन आणि फ्रीडमन या दोन शास्त्रज्ञांनी गणिती प्रतिकृती करून दाखवले की मद्यार्क फार तीव्र असला म्हणजे ग्वायाकोलसारखी गंधद्रव्ये त्यात खोल दडून राहतात, आणि पाण्याने तो सौम्य झाला की पृष्ठभागाशी येतात. म्हणजे पाणी घालणे हा दुबळेपणा नव्हे. मात्र ते थेंबाथेंबाने, प्रत्येक वेळी वास घेत घालावे. पाण्याने द्रव किंचित गढूळ झाला तर घाबरू नये. थंड करून गाळलेली नसलेली व्हिस्की अशी होते. बर्फाचे म्हणाल तर थंडीने वास बसतात आणि जीभ बधिर होते. उन्हाळ्यात साध्या, स्वस्त व्हिस्कीत तो खुशाल घालावा. पंधरा वर्षांच्या पिंपात घालणे म्हणजे गवयाला बोलावून दार लावून घेणे आहे.

शेवटी मागे राहणारी चव. जुन्या रायची चव तोंडात एक क्रम पाळते: आरंभी गोडवा, मध्ये मसाला, आणि शेवटी पपनसाच्या सालीसारखा एक स्वच्छ कडसरपणा. नवख्याला हा शेवट दोष वाटतो. आमच्या मते तेच कॅनडाच्या व्हिस्कीचे खरे अंग आहे. त्या कडसरपणामुळेच गोडवा चिकट होत नाही. तो काताप्रमाणे जीभ ओढू लागला तर मात्र लाकूड वरचढ झाले असे समजावे. नखांच्या रंगासारखा वास आला किंवा कुबट ओलीचा आला, तर पिंपात काही बिनसले आहे; मग बाटलीवर पंधरा लिहिलेले असो की पंचवीस.

एकच पेला घेऊन पारख शिकता येत नाही. शेजारी दुसरा हवा. एका पेल्यात कॅनडाचे साधे मिश्रण आणि दुसऱ्यात एका पिंपाची राय घेतली की मका कोठे संपतो आणि राय कोठे सुरू होते, हे पाच मिनिटांत कळते. आपल्याकडच्या पुष्कळशा स्वस्त व्हिस्क्यांत धान्याचे मद्य नसून उसाच्या मळीचे असते. तिसरा पेला त्याचा ठेवला तर तेही कळेल. चार मित्रांनी वर्गणी काढली तर बाटल्यांची किंमत जड जात नाही, आणि प्रत्येकाच्या वाट्यास येणारे मद्यही थोडेच असते. बाटल्यांवर कागद गुंडाळावा, आणि प्रत्येकाने आपले मत आधी लिहून मग बोलावे. नाहीतर सर्वांत मोठ्या आवाजाच्या गृहस्थाला जो वास येतो तो पाहता पाहता सर्वांना येऊ लागतो.

रिकामा पेला लगेच धुऊ नये. मद्यार्क उडून गेल्यावर तळाशी जे उरते त्यात धान्य आणि लाकूड उघडे पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बहुधा पावाच्या भाजक्या सालीचा आणि सुक्या लाकडाचा वास येतो. उरलेली बाटली उभी ठेवावी, आडवी नव्हे; तीव्र मद्याने बूच कुजते. उन्हात आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ ठेवू नये. आपल्या चैत्र-वैशाखात घरातले सर्वांत थंड कपाट शोधावे. बाटली अर्ध्याखाली आली की तिच्यातल्या हवेने चव हळूहळू बोथटते, तेव्हा राहिलेले मद्य स्वच्छ, कोरड्या, लहान बाटलीत काठोकाठ भरून घट्ट झाकण लावावे, आणि वर चिठ्ठीत पिंपाचा क्रमांक लिहून ठेवावा.